ठकूच्या पोत्याला भोक

मांजर गावाची शीव ओलांडून न्यायची असेल तर पोत्यात घालून न्यावी. तिला वाट दिसता कामा नये. वाट दिसली की ती माघारी येते.

नीराई रेसिडेन्सी, नियम क्रमांक चौदा : पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेताना मालकाने सोबत असावे.

सिंधुबाईंच्या उजव्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, असं डॉक्टर म्हणाले. डाव्याचं विचारूच नका, असंही म्हणाले.

मुकादम नावाचा कुत्रा रिकाम्या गाडीत बसत नाही.

इंदापुरात एका बाईने गादीची दोरी सोडली आणि गादी शिंकली.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढलेल्या एका माणसाने दाढीच्या पात्याने तागाच्या पोत्याला दोन बोटं रुंद भोक पाडलं आणि पातं पुन्हा कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

हे शेवटचं काम जोतीरामआबांनी मंगळवारी सकाळी केलं. घरातले सगळे चहाला बसले होते, दारात टेम्पो उभा होता आणि आबा गोठ्यामागे पोतं घेऊन उभे होते. भोक पाडण्यामागे त्यांचा हिशेब साधा होता. मांजराला वाट दिसली पाहिजे.

आबांचा मुलगा शंभूराज बारामती एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत कामाला होता. कोऱ्हाळ्याहून रोज पंचवीस किलोमीटर जायचं आणि पंचवीस यायचं. त्याने एमआयडीसीजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट होती. संडास घरातच होता, आणि त्याच्या आईच्या, सिंधुबाईंच्या, दृष्टीने लिफ्टपेक्षा ती मोठी गोष्ट होती. कोऱ्हाळ्याच्या घराला पाच पायऱ्या होत्या आणि संडास अंगणापलीकडे. पावसाळ्यात त्या चिखलात टाकलेल्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, भिंत धरत, सात मिनिटांत पोचायच्या. आबांनी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. उपाय काही केला नव्हता, पण वेळ बरोबर सांगत.

"मी न्हाय येत," आबा म्हणाले होते. "मला हितं बरं हाय."

"तुमचं आज्जं वर्साचं आठ म्हैनं मेंढरामागं कोकणात," सिंधुबाई म्हणाल्या. "घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड. कोंबड्यासुद्धा घोड्यावर. आन् नातवाला बारामती लांब!"

"आज्जं माघारी यायचं. दर साली."

यावर सिंधुबाई खाली मान घालून तांदूळ निवडायला लागल्या. त्यावरून आबांना वाटलं की आपला मुद्दा बिनतोड होता. मग त्यांनी अट घातली. काट्यावरच्या माणसाला अट घालायची सवय असते.

"जनावरं आली तर मी येतो. आन् तितं गेल्यावर आठ दिवसांत एक जरी जनावर माघारी आलं, तर मी त्येच्यामागं आलो म्हणून समजायचं. पुन्हा बोलवायचं न्हाय."

"कबूल," सिंधुबाई म्हणाल्या.

"आई, इचार कर," शंभूराज म्हणाला. "मांजर घराला धरतंय. कुत्रं माणसाला धरतंय, पर मांजर घराला."

"पोत्यात घालून न्यायची. मग न्हाय येत."

जनावरं दोनच होती. मुकादम हा कुत्रा ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवरचा, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांमधला. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये हंगाम संपला, तोडवाल्यांनी भांडी, गोधड्या, पोरं ट्रॉलीत घातली आणि ते निघून गेले, हा राहिला. काम न करता सगळ्यांच्या पुढे चालतो म्हणून आबांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. तेव्हापासून कुणी कुठल्याही गाडीत गादी किंवा पातेलं ठेवलं की मुकादम आधी जाऊन बसतो. एकदा तो भांड्यांच्या फेरीवाल्याबरोबर वडगावापर्यंत जाऊन आला होता. त्याची काळजी नव्हती. आबांची सगळी भिस्त ठकूवर होती.

ठकू पिवळी, पोटावर पांढरी, आणि आबांच्या मते स्वभावाने अत्यंत एकनिष्ठ मांजर.

तिला पोत्यात घालताना छकुलीने, म्हणजे शंभूराजच्या मुलीने, आत आपली जुनी गोधडी घातली. "तिला खाली टोचंल," ती म्हणाली. तोंड सुतळीने बांधलं. शंभूराज, त्याची बायको राजेश्वरी आणि सिंधुबाई पुढे बसले, छकुली आईच्या मांडीवर. आबा म्हणाले, "मी मागं बसतो, मांजराजवळ." सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटलं.

टेम्पो सुटला. गाद्यांच्या वळकट्यांवर मुकादम बसला होता, तोडीच्या मुकादमाने उसाच्या फडाकडे बघावं तसा. आबांनी पोतं मांडीवर घेतलं, भोक रस्त्याच्या बाजूला केलं आणि हळू आवाजात शिकवणी सुरू केली.

"बघून घे. ही आपली शीव. हा वड. ह्येच्या डाव्या अंगानं यायचं. रस्त्यानं येऊ नगंस, ट्रॉल्या आसत्यात. पाटाच्या कडंनं ये."

पोतं गप्प होतं.

"हा पणदऱ्याचा फाटा. हितं कुत्री लई हायती. हितनं जरा घाईनं."

पणदऱ्यापर्यंत त्यांनी सगळ्या खुणा सांगितल्या. माळेगावच्या अलीकडे वारा लागला, गाद्या मऊ होत्या, आणि सकाळपासून कारस्थान करून माणूस दमतोच. आबांचा डोळा लागला.

तागाच्या पोत्याचं असं असतं की एक धागा तुटला की शेजारचे ओळीने सुटतात. आतून कुणी पंजा घातला तर लवकर सुटतात.

नीराई रेसिडेन्सीच्या फाटकाशी एक टेम्पो आधीच उभा होता. चौथ्या मजल्यावरचे महिपतराव आपल्या गावी, इंदापूरला, बिऱ्हाड हलवत होते. त्यांचं सामान खाली येत होतं, आबांचं वर जात होतं आणि लिफ्ट एकच होती. वॉचमन भीमाने दोघांना सांगितलं, "आळीपाळीनं करा, भांडू नका." भांडण झालं नाही. आळीपाळीही झाली नाही.

मुकादमाने लिफ्ट बघितली. छोटी खोली, तिच्यात माणसं भराभर पातेली ठेवतायत. तो आत जाऊन बसला. सामान तिसऱ्या मजल्यावर उतरलं, तो उतरला नाही. पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला.

"हे कुत्रं कुणाचं?" भीमाने विचारलं. "बरोबर मालक लागतो. नियम हाय."

"मालक मागनं येतोय," शंभूराज म्हणाला.

मालक पोतं उराशी धरून जिन्याने चढत होता, कारण सिंधुबाईंनी सांगितलं होतं की मांजर यंत्रातून न्यायची नाही. पोतं सकाळपेक्षा चांगलंच हलकं झालं होतं. बत्तीस वर्षं वजनकाट्यावर काढलेल्या माणसाच्या ते लक्षात आलं नाही.

उंबऱ्यापाशी सिंधुबाईंनी पोतं हातात घेतलं, त्यांच्या आईने दाखवलं होतं तसं तीनदा गरगर फिरवलं आणि घरात नेऊन सुतळी सोडली.

आत गोधडी होती.

"ठकू कुठंय?" छकुली म्हणाली.

सिंधुबाईंनी पोतं उलटं केलं, उजेडाकडे धरलं. भोकातून त्यांचा हात कोपरापर्यंत बाहेर आला.

"हे काय?"

"उंदरानं कुरतडलं आसंल," आबा म्हणाले.

"मांजराच्या पोत्याला? उंदरानं?"

"मांजर घालायच्या आदी."

सिंधुबाईंनी भोकाची एक कड बोटाने चाचपली. बाकी सगळीकडे धागे लोंबत होते, तेवढी कड सुरीने कापावी तशी सरळ होती. त्यांनी पोतं नीट झटकलं. पोत्याची घडी घातली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आबांना आनंद लपवणं जड जात होतं. छकुली रडायला लागली तेव्हा मात्र त्यांनी तिला जवळ घेतलं. "रडू नगंस. घरी गेली ती. शानी मांजर हाय." मग त्यांनी कोऱ्हाळ्याला शेजारच्या दादासोंना फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"दादासो, आमची मांजर आली का?"

"आबा? पोचला का? मांजर? भितीवर एक बसलीय खरी."

"ठकूच हाय का?"

"आता तिला नाव इचारू व्हय?"

"झालं!" आबांनी फोन ठेवला. "अट म्हंजी अट. शंभू, माझी पिशवी कुठंय?"

"डोळ्यांनी बघितल्याबिगर मी मानायची न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या.

शंभूराजने व्हिडिओ कॉल लावला. आधी बराच वेळ दादासोंचा अंगठा दिसला, मग त्यांचा चेहरा, मग आभाळ, मग भिंत. भिंतीवर मांजर होती.

"ही काळी हाय, आबा," शंभूराज म्हणाला.

"सावलीत बसलीय."

"आबा, ऊन हाय तितं. दादासोकाकानं डोळं बारीक केल्यात."

"उनानं रापली आसंल," आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

तेवढ्यात राजेश्वरीच्या ध्यानात आलं की मोठी गादी कुठे दिसत नाही. मग शंभूराजच्या ध्यानात आलं की कुत्रंही दिसत नाही. तो खाली पळाला. लिफ्ट रिकामी होती. फाटकाशी एकच टेम्पो होता, त्यांचा.

"ते तर गेले," भीमा म्हणाला. "अर्धा तास झाला. तुमचं कुत्रं त्यांच्या गादीवर बसलं हुतं. मी म्हणलं, मालक बदलला का काय."

झालं होतं ते असं. मोठी गादी आणि तिच्यावरचा मुकादम लिफ्टमध्ये असताना चौथ्या मजल्यावरून कुणी तरी बटण दाबलं. लिफ्ट तिसरा मजला सोडून वर गेली. महिपतरावांच्या हमालांनी आतली गादी आपलीच म्हणून राहू दिली, तिच्या शेजारी कपाट घुसवलं आणि खाली आणून सगळं टेम्पोत भरलं. मुकादमाने सामान गाडीत चढताना बघितलं. पुढचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

चार वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला :

"नमस्कार. फ्लॅट क्र. ४०३ मधून इंदापूर येथे आलेल्या सामानात एक गादी, एक कुत्रा व गादीच्या आत एक मांजर जादा निघाले आहे. ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे. मांजराने दूध घेतले आहे. कुत्रा गादीवरून उठत नाही. – महिपतराव"

खाली अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. एकाने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून पुन्हा पुसलं होतं.

छकुली नाचायला लागली. आबा खुर्चीत बसून विचार करत होते. थोड्या वेळाने त्यांनी मुद्दा मांडला.

"दोनी जनावरं गेली. घरात ऱ्हायली न्हाईत. म्हंजी अट पुरी झाली."

"अट काय हुती?" सिंधुबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"माघारी गेली तर."

"कोऱ्हाळं कुठल्या अंगाला?"

"मावळतीला."

"आन् इंदापूर?"

आबांनी खुर्ची जरा सरकवली.

"इंदापूर उगवतीला हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "जनावरं पुढं गेली. तुमाला त्यांच्यामागं जायचं आसंल तर इंदापूरला जावा. महिपतरावांना म्हणावं, आनखी एक जादा निघालंय."

दुसऱ्या दिवशी आबा आणि शंभूराज तोच टेम्पो घेऊन पन्नास किलोमीटरवर इंदापूरला गेले. महिपतरावांनी चहा दिला, पोहे दिले. त्यांच्या बायकोने, गादी शिंकल्यावर आपण कशा ओरडलो ते दोनदा करून दाखवलं. मग निघायची वेळ झाली.

टेम्पो रिकामा होता. मुकादम चढेना. हाका मारल्या, बिस्कीट दाखवलं, दोघांनी उचलून आत ठेवला. तो उतरून पुन्हा दारात बसला.

"आमच्यात रमला वाटतं," महिपतराव म्हणाले.

"रमला न्हाय ओ," आबा म्हणाले. "सामान न्हाय म्हणून." त्यांनी गादी चढवली, आणि थोडा विचार करून महिपतरावांच्या दारातली एक घागर मागून घेतली, तीही ठेवली. मुकादम उडी मारून घागरीला टेकून बसला. घागर परत द्यायला मागितली तर तो गुरगुरला. ती बारामतीला आली ती अजून परत गेलेली नाही.

ठकू गादीच्या वळकटीत झोपली होती. तिला पोत्यात घालायचं शंभूराजला सुचलं नाही आणि आबांना सुचवायचं नव्हतं. वाटेत ती जागी झाली, टेम्पोच्या फळीवर पंजे ठेवून तासभर रस्ता बघत राहिली. आबांना उमेद आली. वाट बघतेय. भिगवण रोडला लागेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की ती जी वाट पाठ करतेय ती इंदापूरची आहे.

मग दिवस मोजणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी ठकूने कपडे धुवायच्या मशीनवरची जागा धरली. मशीन फिरायला लागलं की ती डोळे मिटायची. आबांनी बाल्कनीचं दार उघडं ठेवलं. ती बाल्कनीत गेली, खाली बघितलं, आणि आत येऊन पुन्हा मशीनवर बसली.

चौथ्या दिवशी त्यांनी तिला उचलून जिन्यात सोडलं. तिच्यामागे आबा पायऱ्या उतरून पहिल्या मजल्यावर येईपर्यंत ती लिफ्टने येणाऱ्या कुणाबरोबर तरी वर गेली होती.

"मांजर घराला धरतंय," आबा भीमाला म्हणाले. "घराला. पर कुठल्या?"

"लिफ्टच्या," भीमा म्हणाला.

पाचव्या दिवशी सिंधुबाई, काठी न घेता, स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. आबांनी घड्याळ बघितलं नाही. बघण्याइतका वेळच लागला नाही.

आबांना फ्लॅटमध्ये काही कमी होतं असं नाही. राजेश्वरी वेळेवर चहा देत होती. पण सकाळी उठून ते दार उघडत आणि समोर दुसरं दार असे. कोऱ्हाळ्याला दार उघडलं की ऊस असायचा, आणि ऊस तुटला की थेट पाटापर्यंत मोकळं रान. इथे समोरच्या दारावर एका डॉक्टरचं नाव होतं. त्या डॉक्टरला त्यांनी पाच दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, रविवारी, "दूध आणतो" म्हणून आबा खाली उतरले. घरात दूध कंपनीचं असतं, पिशव्या भरून. ते त्यांच्या लक्षात बाहेर पडल्यावर आलं. पण आता परत जाऊन दुसरं कारण सांगणं बरं दिसलं नसतं. त्यांनी रिक्षा करून स्टँड गाठला, नीरेची एसटी धरली आणि कोऱ्हाळ्यात उतरले.

घराला कुलूप होतं. किल्ली शंभूराजच्या जुडग्यात. आबा ओट्यावर बसले. भिंतीवर काळी मांजर होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पाच पायऱ्या होत्या तशाच होत्या. बसल्या जागेवरून त्यांनी पायऱ्या मोजल्या, मग अंगण पावलांनी मोजलं. छत्तीस पावलं निघाली. त्यांच्या पावलांनी छत्तीस.

"आला व्हय, आबा," म्हणत दादासो आले. हातात किल्ली होती. त्यांनी दार उघडलं. घर झाडलेलं होतं, बाज टाकलेली होती, माठात पाणी होतं. आबांना तहान लागली होती. ते पाणी प्याले आणि बाजेवर आडवे झाले. किल्ली कुठून आली असं त्यांनी विचारलं नाही. दादासो फोन कानाला लावून अंगणात गेले, तेही त्यांना वेगळं वाटलं नाही.

तीन वाजता दारात टेम्पो थांबला. तोच. मागे घागर होती आणि घागरीशेजारी मुकादम. पुढून शंभूराज उतरला, मग त्याच्या खांद्याला धरून सिंधुबाई. त्या पाच पायऱ्या चढल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दर पायरीला थांबत. आबा बाजेवर उठून बसले.

"तू कशाला आलीस? तुला चढवत न्हाय."

"आठ दिवस झालं न्हाईत अजून," सिंधुबाई दम घेत म्हणाल्या.

"व्हय," आबा म्हणाले. आणि मग, सगळी पत राखून, त्यांनी शेवटचा मुद्दा मांडला. "अट काय हुती? आठ दिवसांत एक जरी जनावर माघारी आलं तर. आलंय की एक. मला धर."

शंभूराज दुसरीकडे बघू लागला. सिंधुबाई बाजेच्या कडेला टेकल्या.

"धरलं," त्या म्हणाल्या. "जनावर तर जनावर. मग जनावर न्यायची रीत मला म्हाईत हाय."

त्यांनी काखेतली घडी उलगडली. तागाचं पोतं होतं. भोक होतं तिथे आता दुहेरी सुतळीची शिवण होती, दाभणाने घातलेली, दाट आणि सरळ.

"शिवलंय. आता वाट दिसायची न्हाय."

आबांनी शिवणीवरून बोट फिरवलं. एकही टाका सुटा नव्हता.

"ह्येच्यात मी मावंल का?"

"गुडघं दुमडून बसा. माझं दुमडत न्हाईत. तुमचं दुमडत्यात की."

आबांनी अंगणाकडे बघितलं, पलीकडच्या संडासाकडे बघितलं. मग उठले, माठ पालथा घातला, पोत्याची घडी घातली आणि काखेत धरली. सिंधुबाई पायऱ्या उतरताना त्यांनी खाली उभं राहून हात दिला. शंभूराजने बाज टेम्पोत चढवली. मुकादमाने घागर सोडली आणि बाजेवर जाऊन बसला.

"आबा, पुढं या. खिडकीला बसा," शंभूराज म्हणाला.

"खिडकीला तुझ्या आईला बसू दे," आबा म्हणाले आणि मधे बसले. पणदऱ्याचा फाटा आला तेव्हा त्यांनी स्वतःहून डोळे मिटले.

कोऱ्हाळ्याच्या घराची दुसरी किल्ली सिंधुबाईंनी सोमवारी, सामान हलवायच्या आदल्या दिवशी, दादासोंच्या घरी नेऊन दिली होती.